पाचवा

नियम साधा होता : पाच जणांनी धावायचं,
पहिल्या चौघांची वेळ धरायची, बेरीज मांडायची.
पाचवा असावा म्हणून असतो,
स्टेपनीसारखा.
आमच्या कंपनीचा पाचवा मी.

सकाळचे सहा, अजून अंधार. जेहान सर्कलला थंडी अशी
की बोलताना निघालेली वाफ
पुढच्याच्या मानेवर बसावी.
डिस्पॅचची हर्षाली गांगुर्डे जागच्या जागी उड्या मारत होती.
मुजाहिद, पॅकिंगमधला त्याचा साडू,
आणि बोरस्ते, ज्याने मार्चपासून भात सोडला होता
आणि तसं सगळ्यांना सांगितलंही होतं.
चौघांच्या छातीवरचे नंबर मीच लावून दिले,
दोन पिना वर, दोन खाली, कडेला समांतर.

कारखान्यात मी गेज-रूमला असतो.
एकवीस वर्षं मोजतोय : शाफ्ट, बुश, रिंगा.
केसाचा विसावा भाग जास्त भरला
तरी तांबडा शेरा मारून परत धाडतो.
मला कुणी मोजलेलं नाही.
वजन, शुगर, ते सोडा.

शिट्टी. सहाशे बुटांचा आवाज,
पत्र्यावर कुणी हरभरे ओतावेत तसा.
चौघे पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले.
मी माझ्या चालीत.
आनंदवल्ली, बंद शटरं, दुधाच्या क्रेटवर मुटकुळं करून कुत्रं.
माकडटोपीतले एक आजोबा दात घासता घासता
टाळ्यांना हात मोकळा नाही म्हणून
ब्रश हलवत होते.
मी त्या ब्रशला हात केला.

सोमेश्वरच्या पुढे धुकं रस्त्यावर चढून आलेलं.
नदी दिसत नव्हती, तिचा गारवा फक्त
उजव्या कानाला कळत होता.
तिथेच वळसा. एका पोराने मनगटात रबरबँड अडकवलं,
"काका, अर्धं झालं."

परतताना, साडेसहा किलोमीटरला,
दुभाजकावर बोरस्ते.
निसटणारं कोंबडं धरावं तशी
पोटरी दोन्ही हातांत धरून.
मी थांबलो. थांबू नको, म्हणाला,
मग एक शिवी, पोटरीला की मला, कळलं नाही,
मग : "चौथा तू आहेस आता. पळ ना!"

इतका वेळ ही धाप माझी होती, खासगी.
आता ती कुणाकुणाच्या बेरजेत जाणार होती.
पायांत काहीतरी ओतल्यासारखं झालं,
शिसं असेल. बळ नव्हतं, एवढं नक्की.

बारदान फाटा. बरगडीखाली कळ.
जिभेला कूलंटची चव.
पुढे पतपेढीच्या संघातला निळा बनियन,
त्याच्या टाचा बाहेरच्या अंगाने झिजलेल्या,
अडीच मिलिमीटर, मी नजरेनेच मोजलं,
आणि त्या टाचांना डोळे बांधून घेतले.
सूर्य आला तो सरळ समोरून.
बनियन विरघळला, टाचा विरघळल्या,
उरला नुसता त्यांचा आवाज.
मी त्याला मागे टाकलं नाही. खोटं कशाला सांगू.
दोन पावलं मागे होतो,
पण त्या दोनाची तीन होऊ दिली नाहीत.

चटईवर पाय पडला, यंत्र टीं बोललं :
एक तास सात मिनिटं, वर काही सेकंद.
हर्षालीने पाठीत गुद्दा घातला.
मुजाहिदने माझ्यासाठी केळं सोललं,
त्यातलं अर्धं त्याच्या साडूने खाल्लं.
एकतीस संघांत आम्ही बाविसावे.

मग बराच वेळ. भाषणं, ढाली, फोटो.
दोघांनी वायर काढली, चटई गुंडाळून टेंपोत टाकली.
मिसळीला चला ना, कुणीतरी म्हणालं, पोटात कावळे.
आणि वळणावर बोरस्ते,
एक पाय ओढत, बूट हातात,
नंबर अजून समांतर.
चटईच्या जागी आता चिकटपट्टीची खूण होती फक्त.
त्याने तिच्यावर पाय ठेवला, मुद्दाम, दुखरा.

मी घड्याळ पाहिलं.
पार्किंगच्या पावतीमागे लिहून ठेवलं :
बोरस्ते. पाचवा. एक तास अठ्ठावन्न.